खानदेशातला शहामृग

हिंगोली जिल्ह्यातल्या पुसेगावच्या शिवारात उद्या सकाळी कुणाला शहामृग पळताना दिसला, तर अख्खा सेनगाव तालुका बघायला लोटेल. वनखात्याची जीप येईल, कुणाच्या तरी फार्ममधून सुटला असणार असा निकाल लागेल, आणि संध्याकाळपर्यंत त्याचा व्हिडिओ मराठवाडाभर फिरून आलेला असेल. शहामृग म्हणजे आफ्रिका, हे आपल्या डोक्यात इतके पक्के बसले आहे.

आता पंचवीस हजार वर्षे मागे जाऊ. पुसेगावपासून सरळ रेषेत दोनशेएक किलोमीटरवर, चाळीसगावजवळच्या पाटण्याला, माणसे शहामृगाच्या अंड्याचे कवच हातात घेऊन बसली होती. त्यांनी त्याचे मणी घडवले. एका तुकड्यावर बारीक रेघा ओढून जाळीची नक्षी कोरली. हे मणी आणि तो तुकडा उत्खननात मिळाले आहेत, त्यांचे वय मोजले गेले आहे. आफ्रिकेतून कुणी अंडे आणले असेल असे मानण्याचेही कारण नाही. पक्षी इथलाच होता. राजस्थान, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रात मिळून चाळीसेक ठिकाणी त्याच्या अंड्यांची कवचे सापडली आहेत. आज जिथे सोयाबीन, हळद आणि कापूस उभा असतो त्याच दख्खनच्या पठारावर, त्याच काळ्या दगडाच्या मुलखात, शहामृग घरटी करत होता आणि माणूस ती शोधत होता.

आदिमानवाची शिकार म्हटली की आपल्याला भाले दिसतात आणि भाल्यांपुढे उधळलेला रानरेडा दिसतो. पक्षी त्या चित्रात नसतो. असलाच तर आभाळ भरायला चार रेघांचा. प्रत्यक्षात शिकार करून, कंदमुळे गोळा करून जगणाऱ्या माणसाने पक्ष्याकडून जेवढ्या तऱ्हेच्या वस्तू घेतल्या तेवढ्या क्वचितच दुसऱ्या कुठल्या प्राण्याकडून घेतल्या असतील. आणि नवल असे की, त्या यादीत मांसाचा वाटा अगदी थोडा आहे.

डोंगराच्या पायथ्याशी

पाटणे अजिंठा-सातमाळ्याच्या रांगेखाली, खानदेशाच्या अंगाला वसले आहे. पाटणादेवीच्या दर्शनाला जाणाऱ्यांना ते ठाऊक असते. आजूबाजूचे जंगल आता गौताळा-औट्रम घाट अभयारण्यात येते. गणिताच्या अभ्यासकांना हे गाव वेगळ्या कारणाने माहीत आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने इथे मठ काढला, त्याची नोंद करणारा इ. स. १२०७ चा शिलालेख इथलाच. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांपुढे आणला. पण त्या शिलालेखाहून चोवीस हजार वर्षांनी जुनी गोष्ट याच गावच्या मातीत दडलेली होती.

पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी १९७२-७३ मध्ये पाटण्याला उत्खनन केले. हेच साळी पुढे दायमाबादच्या उत्खननामुळे नावाजले गेले. पाटण्याला त्यांना थरावर थर मिळाले. सगळ्यांत खाली मध्य पुराश्मयुगाची हत्यारे, त्यावर उत्तर पुराश्मयुगाचे थर, आणि सर्वांत वर मध्याश्मयुगाची नखाएवढी सूक्ष्म हत्यारे. एकाच जागी माणूस हजारो वर्षे पुन्हा पुन्हा येऊन बसत होता आणि त्याची हत्यारे पिढ्यान्‌पिढ्या लहान व नेमकी होत चालली होती, याचा तो उभा छेदच. डेक्कन कॉलेजने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या साळींच्या ग्रंथात हा सगळा तपशील आहे.

उत्तर पुराश्मयुगाच्या थरात शहामृगाच्या अंड्याचे कवच होते. रेडिओकार्बन पद्धतीने त्या कवचाचेच वय काढले. उत्तर आले पंचवीस हजार वर्षे, मागेपुढे दोनशे. रेडिओकार्बनची वर्षे दिनदर्शिकेच्या वर्षांत बदलली तर हा आकडा आणखी काही हजारांनी मागे सरकतो.

तो हिमयुगाचा काळ होता. ध्रुवांकडे आणि उंच पर्वतांवर इतके पाणी बर्फ होऊन अडकले होते की समुद्र आजच्यापेक्षा शंभर मीटरहून खाली गेला होता. मोसमी पाऊस अशक्त झाला होता. दख्खनवर दाट झाडी कमी आणि गवताची मोकळी राने जास्त होती. दूरवर नजर जावी आणि पळायला आडकाठी नसावी, एवढेच शहामृगाला हवे असते.

हाडे गेली, कवच उरले

पक्ष्याच्या शिकारीचा पुरावा मिळणे फार अवघड. उडण्यासाठी हलके होताना पक्ष्याची हाडे पातळ आणि पोकळ झाली. ती कुत्र्या-कोल्ह्याच्या एका चाव्यात चुरतात आणि मातीत लवकर विरतात. पिसे तर वर्षा-दोन वर्षांत नाहीशी होतात. रानरेड्याचा दात लाख वर्षे टिकतो, तितराची तंगडी दहा पावसाळे टिकत नाही. म्हणून अश्मयुगीन माणूस मोठाल्या जनावरांवरच जगत होता असा समज वाढला. ती जनावरे जास्त खाल्ली गेली असतील नसतील, त्यांचा उकिरडा मात्र जास्त टिकला.

अंड्याचे कवच याला अपवाद आहे. ते कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडीच्याच जातीच्या खनिजाचे असते. कोंबडीच्या अंड्याचे कवच एक तृतीयांश मिलिमीटरच्या आसपास जाड, तर शहामृगाचे तब्बल दोन मिलिमीटर. आम्लधर्मी मातीत कॅल्साइट विरघळते. पण आपल्याकडची बेसॉल्टपासून झालेली काळी माती बहुधा अल्कधर्मी असते आणि तिच्यात चुनखडीचे खडे पेरलेले असतात. अशा मातीत कॅल्साइट तग धरून राहते.

शहामृगाच्या कवचाची आणखी एक खुबी आहे. कवच तयार होताना पक्ष्याच्या शरीरातली थोडी प्रथिने स्फटिकांच्या आत कोंडली जातात आणि बाहेरच्या पाण्याचा त्यांना स्पर्श होत नाही. टांझानियातल्या लाएटोलीच्या शहामृग-कवचांतून ३८ लाख वर्षांपूर्वीच्या प्रथिनांचे अंश संशोधकांनी २०१६ मध्ये वेगळे केले. भारतातल्या कवचांनीही आपली ओळख अशीच सांगितली. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या संशोधकांचा सहभाग असलेला एक शोधनिबंध २०१७ मध्ये आला. राजस्थानातल्या कवचातून डीएनए काढून त्यांनी तो आजच्या आफ्रिकी शहामृगाच्या डीएनएशी ताडून पाहिला. जवळचे नाते जुळले. अंडी कुण्या भलत्याच नामशेष पक्ष्याची असावीत, ही शंका त्यामुळे मिटली.

एका अंड्याचे पोट

शहामृगाचे अंडे साधारण पंधरा सेंटीमीटर लांब आणि सव्वा ते दीड किलो वजनाचे. ऐवज कोंबडीच्या दोन डझन अंड्यांएवढा. एका अंड्यात सुमारे दोन हजार कॅलरी, म्हणजे मोठ्या माणसाचे दिवसभराचे अन्न. शिवाय शहामृगाच्या कित्येक माद्या एकाच घरट्यात अंडी घालतात. घरटे म्हणजे जमिनीत उकरलेला उथळ खड्डा, त्यात वीसेक अंडी सहज असतात. घरटे सापडले की एका तळाची दोन दिवसांची ददात मिटली.

पण घरटे सापडणे सोपे नाही. बेचाळीस दिवसांच्या उबवणीत दिवसा मातकट रंगाची मादी बसते आणि रात्री काळा नर, त्यामुळे दोघेही त्या त्या वेळच्या रानात मिसळून जातात. सापडले तरी मालक जवळ असतो. शंभर किलोहून जड, ताशी सत्तर किलोमीटर धावणारा, आणि लाथेने हाड मोडणारा. म्हणजे घरटे लुटायचे तर पक्षी केव्हा उठतो, कुठे चरतो, किती वेळाने परततो हे ठाऊक हवे. एवढे कळायला एका शहामृगाच्या मागे कित्येक दिवस डोळे लावून बसावे लागते, आणि ते कळलेले पोराबाळांना सांगावे लागते.

अंडे कधी काढायचे, हाही अनुभवाचाच भाग. ताजे काढले तर बलक, उशिरा काढले तर आत पिल्लू. न्यू गिनीत कॅसोवरी नावाचा मोठा, पायाने फाडणारा पक्षी आहे. तिथल्या १८,००० ते ६,००० वर्षांपूर्वीच्या कवचांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. लोक मुद्दाम उबवणीच्या अखेरची अंडी उचलत होते असे त्यातून दिसले. काही अंडी खाण्यासाठी असतील, पण काहींतून पिल्ले काढून ती वाढवत असावेत असा संशोधकांचा अंदाज आहे. तो खरा असेल तर माणसाने खुराड्यात कोंबडी आणली त्याच्या हजारो वर्षे आधी तो इतका धोकादायक पक्षी पाळत होता.

अंडे खाऊन झाले, तरी खरी वस्तू हातातच राहते. टोकाला बेताचे भोक पाडून आतला ऐवज ओतून घेतला की एक लिटरच्या आसपास पाणी मावणारे भांडे तयार. मडक्याचा शोध लागायला अजून हजारो वर्षे अवकाश असताना हे भांडे भाजावे लागत नव्हते, घडवावे लागत नव्हते. कालाहारीतल्या सान लोकांनी अगदी अलीकडेपर्यंत असे पाणी साठवले. पावसाच्या दिवसांत कवचे भरायची, तोंडाला गवताचा बोळा लावायचा, वाटेत जागोजाग पुरून ठेवायची, आणि उन्हाळ्यात नेमकी तीच जागा उकरायची. दक्षिण आफ्रिकेतल्या डीपक्लूफ या शैलाश्रयात साठ हजार वर्षांपूर्वीचे कोरीव कवचांचे तुकडे मिळाले आहेत, आणि काहींना पाणी ओतण्याच्या भोकाची कड आहे. म्हणजे भांड्यावर खूण करण्याची रीत तिथे तेव्हाच रुळली होती.

पाटण्याच्या लोकांनी शहामृगाच्या अंड्यात पाणी साठवले का? तशी साक्ष देणारी अख्खी कवचे तिथे नाहीत. पण उन्हाळ्यात नाले आटणाऱ्या मुलखात दोन मिलिमीटर जाडीचे, न गळणारे भांडे हातात असताना ते कुणी फेकून देईल, हे पटत नाही.

मण्याची मेहनत

भांडे फुटले की त्याचे मणी. सान स्त्रियांची जी पद्धत अभ्यासकांनी टिपली आहे ती अशी. कवचाचा तुकडा दाबून-तोडून बोटाच्या पेराएवढा करायचा. दगडी टोकाने गोल गोल फिरवत मधोमध भोक पाडायचे. कडा टोचून टोचून ओबडधोबड गोल करायच्या. असे बरेच तुकडे स्नायूच्या दोऱ्यात घट्ट ओवायचे आणि सगळी माळ एकदम खरखरीत दगडावर घासायची. एकेक घासला तर मणी मोडतो आणि आकार सारखा येत नाही. ओवून घासले की सगळे एका मापाचे उतरतात. सेंटीमीटरहून लहान चकत्यांची माळ, आणि तिच्यात दिवसामागून दिवस गेलेले.

पाटण्याला लागणारे दगडही हाताशीच होते. दख्खनच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत गारगोटी, अकीक आणि जास्पर तयार होतात. दगड झिजला की ते नदी-नाल्यात वाहून येतात. पुसेगावच्या आसपासच्या ओढ्यांतही पांढरट, लालसर, मेणासारखे चमकणारे खडे दिसतात ते याच घराण्यातले. त्यांची धार काचेसारखी निघते. पाटण्याच्या अवजारांत अशाच दगडांची बारीक पाती आणि टोचे आहेत.

एवढी मेहनत पोटासाठी नक्कीच नव्हती. मग कशासाठी? आफ्रिकेतल्या मण्यांनी याचे एक उत्तर दिले आहे. तिथल्या ३१ ठिकाणांच्या दीड हजारांहून अधिक शहामृग-मण्यांची मापे संशोधकांनी ताडून पाहिली. पन्नास हजार वर्षांपूर्वी पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतले, हजारो किलोमीटर दूर असलेले लोक जवळजवळ एकाच घडणीचे मणी करत होते, असे त्यांना आढळले. लेसोथोच्या डोंगरातल्या मण्यांनी तर आपला प्रवासही सांगितला. जमिनीतल्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याची जात खडकागणिक बदलते. ते गवतातून पक्ष्यात आणि पक्ष्यातून कवचात जाते. त्यावरून कळले की ते मणी शंभर किलोमीटरहून, काही तर त्याच्याही कितीतरी लांबून, हातोहात आले होते. कालाहारीत अगदी अलीकडेपर्यंत मणी भेट म्हणून दिले जात. ज्याला दिले त्याच्या शिवारात दुष्काळात जाऊन राहण्याचा हक्क त्या भेटीतून टिकत असे.

म्हणजे मणी हा वाईट दिवसांचा विमा होता. पावसाचा भरवसा नसलेल्या हिमयुगी दख्खनमध्ये त्याचे मोल कळायला मराठवाड्यातल्या माणसाला वेगळे समजवावे लागू नये. विंध्याच्या रांगेतल्या भीमबेटकालाही शहामृगाच्या कवचाचे मणी मिळाले आहेत. दख्खनचा बेसॉल्ट आणि विंध्याचा वालुकाश्म यांचे स्ट्रॉन्शियम वेगवेगळे असते. म्हणून कोणता मणी कुठल्या रानातून आला, हा प्रश्न आपल्याकडेही विचारता येण्याजोगा आहे.

रेघ माणसाची की मुळाची?

कोरीव तुकड्याची कथा गुप्तहेराच्या कथेसारखी आहे. भारतात ठिकठिकाणी मिळालेल्या शहामृग-कवचांवर रेघा, जाळ्या, नागमोडी खुणा दिसत. पुराश्मयुगीन कलेचा खजिनाच हाती आला असे वाटले, आणि गिरिराज कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये त्यांची नोंद प्रसिद्ध केली. मग रॉबर्ट बेडनारिक यांनी हे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली घेतले. बहुतेक खुणा माणसाच्या निघाल्याच नाहीत.

मातीत पुरलेल्या कवचाला गवताची मुळे बिलगतात. मुळाभोवती सौम्य आम्ल तयार होते आणि ते कॅल्साइट खाते. मूळ जसे वळेल तशी खाच वळते, तिचा तळ गोलसर असतो, रुंदी एकसारखी असते, आणि ती कवचाच्या तुटक्या कडेवरही चढते. दगडी टोकाने ओढलेली रेघ वेगळी असते. तिला सुरुवात आणि शेवट असतो, तळाशी समांतर ओरखडे असतात, आणि हात जिथे निसटला तिथे एक बारीक फराटा दिसतो.

या कसोटीला पाटण्याचा तुकडा उतरला. त्यावर समांतर रेघा आहेत आणि त्यांच्या मध्ये एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघांची जाळी. आधी हद्द आखायची आणि मग आतला पट्टा भरायचा, हा क्रम त्यात दिसतो. आपल्याकडच्या लुगड्याच्या काठात, टोपलीच्या विणीत, भिंतीवरच्या चित्रात हाच क्रम आहे. महाराष्ट्राच्या सर्वांत जुन्या ज्ञात नक्षींपैकी ही एक, आणि ती दगडावर नाही, हाडावर नाही, तर अंड्यावर आहे.

पंखातला सूर

शहामृग उडत नाही. उडणाऱ्या पक्ष्यांनी माणसाला काय दिले?

सगळ्यांत आधी नळी. जनावराच्या हाडात मगज असतो आणि भिंत जाड असते. पक्ष्याच्या पंखाचे हाड सरळ, हलके आणि आतून रिकामे. दोन्ही टोके कापली की नळी तयार. तिचे तुकडे केले की मणी, टोक तासले की दाभण.

आणि भोके पाडली की बासरी. जर्मनीतल्या होहले फेल्स गुहेत २००८ मध्ये गिधाडाच्या पंखाच्या हाडाची, पाच भोकांची बासरी मिळाली. तिचे वय पस्तीस ते चाळीस हजार वर्षे. आपल्याला ठाऊक असलेल्या सर्वांत जुन्या वाद्यांत ती मोडते. गिधाडाचा पंख लांब, म्हणून त्याचे हाडही लांब, म्हणून सूर पाडायला जागा. मेलेल्या जनावरांवर जगणारा आणि आपण अशुभ ठरवलेला पक्षी संगीताच्या उगमापाशी उभा आहे.

दुसरा शोध आणखी चकित करणारा. उत्तर इस्रायलमधल्या आयनान इथल्या बारा हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत वारकरी आणि बदकाच्या हाडांच्या सात चिमुकल्या शिट्ट्या ओळखल्या गेल्या. हा शोध २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. वारकरी म्हणजे कपाळावर पांढरा टिळा असलेला तोच काळा पाणपक्षी, जो हिवाळ्यात आपल्याकडच्या धरणांच्या जलाशयांवर दिसतो. संशोधकांनी तशाच शिट्ट्या करून वाजवल्या, तर आवाज निघाला ससाण्यांसारख्या शिकारी पक्ष्यांचा. ही हाडे इतकी बारीक की मोठ्या पक्ष्याच्या हाडातून शिट्टी करणे सोपे गेले असते. तरी मुद्दाम लहान हाडे निवडली, कारण हवा तो उंच सूर त्यांतूनच निघतो. तळ्यावर हा आवाज काढला की पाणपक्षी उठत असतील, किंवा खरा ससाणा जवळ येत असेल. एका पक्ष्याच्या हाडातून दुसऱ्याचा आवाज काढून तिसऱ्याला फसवायचे!

पिसांचा पुरावा आडवाटेने मिळतो. इटलीतल्या फुमाने गुहेत चव्वेचाळीस हजार वर्षांपूर्वी निअँडरथल माणसांनी गिधाड, गरुड, रानकबुतर यांच्या पंखांची हाडे अशा जागी कापली-खरवडली आहेत की जिथे मांस नसतेच. तिथे असतात ती फक्त मोठी पिसे. त्याच्याही आधी, एक लाख तीस हजार वर्षांपूर्वी, क्रोएशियातल्या क्रापिना इथे समुद्री गरुडाच्या आठ नख्या गोळा करून, कापून, बहुधा ओवून घातल्या गेल्या. पक्ष्याचे अलंकार हा एकट्या आपल्या मानवजातीचा छंद नव्हता.

तितराचा हिशेब

मग मांसाचे काय? तितर वजनाने पाव किलोच्या आसपास, लावा तर ऐंशी ग्रॅमही भरत नाही. भाला घेऊन त्याच्यामागे धावणे आतबट्ट्याचे. लहान पक्षी परवडतो तो एकाच रीतीने, आपण न धावता तो स्वतः सापळ्यात आला तर. त्यासाठी लागते दोर, गाठ आणि पक्ष्याच्या स्वभावाची माहिती. दोर आणि गाठ मातीत उरत नाहीत. पण ही विद्या कशी असू शकते हे पाहायला मराठवाडा-विदर्भाच्या सीमेवर कुठे लांब जावे लागत नाही.

फासेपारधी समाजाने ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. बारीक खुंट्यांना सरकफास बांधायचे आणि फाशांची लांब ओळ गवतात तितरांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर रोवायची. फास पूर्वी घोड्याच्या शेपटीच्या केसाचे किंवा तातीचे असत. मग पक्ष्यांना दचकवायचे नाही, नुसते हळूहळू त्या दिशेने सरकवायचे. तितर घाईत नसला तर उडण्याआधी चालतो, सगळी युक्ती या एका सवयीवर उभी. दुसरी रीत पाळलेल्या नराची. पिंजऱ्यातला नर ओरडला की त्या रानाचा मालक असलेला तितर भांडायला धावून येतो आणि पिंजऱ्याभोवतीच्या फासात अडकतो. गायपारध्यांनी शिकवलेल्या गाईच्या आडून शिकारीजवळ जाण्याची कला वाढवली. नुसत्या तोंडाने हुबेहूब तितराचा आवाज काढणारे लोक या समाजात आहेत. आयनानच्या शिट्टीचे काम ते ओठांनी करतात.

डेक्कन कॉलेजच्या वि. ना. मिश्र आणि मालती नागर यांनी पारध्यांच्या शिकारीच्या रीती टिपल्या, त्या अश्मयुगीन शिकार समजून घेण्याच्या हेतूनेच. मात्र एक गफलत टाळायला हवी. पारधी म्हणजे उरलेले अश्मयुग नव्हे. ते तुमच्या-आमच्याइतकेच आजचे आहेत, त्यांनी राजेरजवाड्यांच्या शिकारखान्यांत चाकरी केली आहे, गावबाजारात पक्षी विकले आहेत. त्यांच्याकडून शिकायची गोष्ट एवढीच, की लहान पक्षी पकडायला अवजार फारसे लागत नाही, ज्ञान लागते.

या ज्ञानाची परतफेड बाकीच्या समाजाने वाईट रीतीने केली. १८७१ मध्ये सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याचा फास पुढे पारध्यांपर्यंतही पोचला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण संशय सुटला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, ते योग्यच, पण पर्यायी कामाची सोय फार थोड्यांची झाली. अशा वेळी पुसेगावच्या उत्तरेला, पैनगंगेपलीकडच्या वाशीम-अकोल्याकडच्या गवताळ रानांत एक वेगळा प्रयोग उभा राहिला. संवेदना या संस्थेचे कौस्तुभ पांढरीपांडे आणि फासेपारधी बांधव तिथे तणमोराच्या संरक्षणासाठी एकत्र आले. तणमोर हा अतिदुर्मीळ पक्षी. पावसाळ्यात नर उंच गवतातून उड्या मारतो तेवढाच काय तो दिसतो, एरवी माग लागणे महाकठीण. तो कुठल्या रानात उतरतो, कुठे अंडी घालेल, हे दुर्बिणीवाल्या अभ्यासकाआधी पारध्याला कळते. घरटे लुटायला जे कळावे लागते, नेमके तेच घरटे राखायला कळावे लागते.

शहामृग गेला कुठे?

हिमयुग ओसरले, पाऊस वाढला, मोकळ्या रानांत झाडी शिरली. शहामृगाला हवा असलेला मुलूख आक्रसत गेला. त्यात माणसाची भर पडली असणार. शहामृगाचे पिल्लू मोठे व्हायला दोन-तीन वर्षे लागतात, आणि ज्या पक्ष्याला मारणे कठीण असते त्याची अंडी उचलणे त्या मानाने सोपे असते. ऑस्ट्रेलियात गेन्योर्निस नावाचा माणसाहून उंच, न उडणारा पक्षी पन्नास हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास संपला. त्याच्या अंड्यांची कवचे खंडभर एकाच बाजूने भाजलेली मिळतात. वणव्यात अंडे असे भाजत नाही, निखाऱ्यांवर ठेवलेले भाजते. २०२२ मध्ये कवचांतल्या प्रथिनांवरून ती अंडी त्याच पक्ष्याची असल्याला दुजोरा मिळाला. मोठ्या पक्ष्याचा वंश घरट्यातूनही संपवता येतो, याचा तो दाखला आहे. माळढोक आणि तणमोर जमिनीवरच अंडी घालतात हे लक्षात ठेवले की ही गोष्ट पन्नास हजार वर्षे जुनी राहत नाही.

पुसेगावसाठी या सगळ्यातून एक काम निघते. पाटण्याचा पुरावा मिळाला कारण तिथे कुणीतरी थर मोजत खणले. हिंगोली जिल्हा त्याच बेसॉल्टवर, तशाच काळ्या मातीवर बसला आहे. कयाधू-पैनगंगेच्या खोऱ्यातल्या दरडी पावसाळ्यात ढासळतात आणि जुना गाळ उघडा पडतो. दक्षिणेला मांजरा नदीच्या अशाच गाळात हत्ती आणि पाणघोड्याचे जीवाश्म मिळाले आहेत. तेव्हा ओढ्याच्या कडेला एखादी पांढुरकी, किंचित वळलेली, दोन मिलिमीटर जाडीची चकती दिसली, तर चुनखडी म्हणून पुढे जाऊ नये. चुनखडीचा पापुद्रा वेडावाकडा असतो. अंड्याच्या कवचाची जाडी कडेपासून कडेपर्यंत सारखी असते आणि पाठीवर बारीक रंध्रे दिसतात. उचलायची नाही. जागच्या जागी फोटो काढायचा, शेजारी नाणे ठेवून माप दाखवायचे, गट क्रमांक लिहून घ्यायचा, आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवायचे. थरातून उचललेला तुकडा एकटा पडतो, थरातच राहिलेल्या तुकड्यासोबत त्याच्या भोवतालची सगळी साक्ष मिळते. गावच्या शाळेतल्या मुलांना हे एकदा नीट दाखवले, तर पुढचे पाटणे शोधायला चाळीसगावापर्यंत जावे लागेलच असे नाही.